खंडेनवमीचं तेल

आमच्या घरात 'गंज' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. कुणी आळशी असला की तो गंजका. कुणी दिलेला शब्द विसरला की त्याच्या डोक्याला गंज चढलेला. गावातल्या एका पुढाऱ्याबद्दल तर आबा एवढंच म्हणायचे, "वरनं रंग हाय, आत गंज हाय." माझे वडील तातोबा लोहार हे सगळ्या पिंपळडोहचे मिस्त्री. एक भट्टी, एक ऐरण, एक जुनं लेथ मशीन आणि ताठ कणा, एवढीच त्यांची इस्टेट. संध्याकाळी काम संपलं की भिंतीवर टांगलेल्या पान्यांवरून, हातोड्यांवरून, सांडशीवरून ते बोट फिरवायचे. बोट कोरडं निघालं तर ठीक. बोटाला लाल पूड लागली की तेच बोट माझ्या नाकाच्या शेंड्याला लागायचं. मग मी, दुसरी-तिसरीतली पोर, लाल नाकानं अंगणात बसून तो पाना राखेनं घासत असायची.

अशा घरातली मुलगी मोठी होऊन काय झाली? तर लोखंडाला गंजायला शिकवणारी शास्त्रज्ञ. मी आबांना पहिल्यांदा माझं काम समजावून सांगितलं, तेव्हा ते आईच्या फोटोकडे वळून म्हणाले, की बघ, तुझी लेक पुण्याला जाऊन काय शिकून आली. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलले.

पण मला दुसरं काही शिकायचंच नव्हतं, आणि त्याचं कारण आमची विहीर होती.

पिंपळडोहच्या वरच्या अंगाला माळावर एके काळी मुलामा देणाऱ्या कारखान्यांची वसाहत होती. नळाच्या तोट्या, मोटरसायकलीची चाकं, खुर्च्यांचे पाय तिथे आरशासारखे चकचकीत होऊन बाहेर पडायचे. मी शाळेत जाण्याआधीच ती वसाहत बंद पडली. मालक गेले, शेड कोसळल्या, पत्रे लोकांनी नेले. पण वर्षानुवर्षं खड्ड्यांत सोडलेलं पाणी कुठे जाणार? ते मातीतून मुरत, झिरपत आमच्या विहिरीत उतरत राहिलं. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की पाण्याला लिंबाच्या सालीसारखी पिवळट झाक यायची. त्या पिवळेपणाचं नाव क्रोमियम. त्यातही त्याचं सर्वांत वाईट रूप, ज्याला रसायनाच्या पुस्तकात 'सहा संयुजेचं' म्हणतात. ते पाण्यात साखरेसारखं विरघळतं, उकळून जात नाही, गाळून जात नाही, आणि शरीरात पेशींच्या आतपर्यंत घुसतं.

हे विष ओळखायची कागदी पट्टी आमच्याकडे पोराटोरांच्या खिशात असायची. पाण्यात बुडवली आणि पांढरी राहिली तर पाणी बरं, गुलाबी झाली तर विष. आमच्या विहिरीत ती पट्टी बुडवताक्षणी जास्वंदीसारखी व्हायची. गंमत अशी, की त्यापायी आमच्या गावात गुलाबी रंगच हद्दपार झाला. लग्नाचा बस्ता बांधायला गेलेल्या बायका दुकानदाराला आधीच सांगायच्या, बाकी काहीही दाखवा, गुलाबी काढू नका.

पिण्याचं पाणी टँकरनं यायचं. मग जलसुरक्षेचा नवा कायदा आला आणि त्यात लिहिलं होतं, की ज्या गावाचं पाणी असं खोलवर नासलंय त्या गावाची विहीर काँक्रीट ओतून बुजवायची आणि माणसं हलवायची. हमरस्त्यालगत आमच्यासाठी इमारती उभ्याही राहिल्या. छान इमारती होत्या, खोटं कशाला बोलू. आबांच्या वाट्याला सहावा मजला आला होता. ते एकदाच बघायला गेले, गॅलरीतून खाली डोकावले आणि त्यांनी तिथल्या साहेबांना शांतपणे विचारलं, की इथं भट्टी कुठं पेटवू.

मी परत आले ती त्या प्रश्नापायी.

आता लोखंडाबद्दल चार शब्द सांगते. लोखंड गंजतं म्हणजे नेमकं काय होतं? ते आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. इतकं दानशूर दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. हवा, पाणी, जो कुणी मागेल त्याला देतं आणि देता देता स्वतः लाल माती होऊन जातं. क्रोमियमचं ते विषारी रूप तर इलेक्ट्रॉनांना हपापलेलंच असतं. लोखंडाशी गाठ पडली की त्याला हवे तेवढे इलेक्ट्रॉन मिळतात आणि ते निवतं. त्याचं जे दुसरं रूप तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही, गंजालाच चिकटून खाली बसतं. पाणी स्वच्छ. म्हणजे गंज हा लोखंडाचा नाश नव्हे, ती त्यानं केलेल्या कामाची पावती.

हे जुनंच ज्ञान. लोखंडाचा कीस भरून पाणी गाळण्याचे प्रयोग जगात कितीतरी ठिकाणी झाले आणि बहुतेक एकाच कारणानं थांबले. गंजाचा थर जाड होत जातो, आतलं ताजं लोखंड झाकून टाकतो, आणि कीस दगडासारखा घट्ट होऊन बसतो. देणारा आत कोंडला जातो आणि मागणारा दाराशी उभा राहतो.

आमच्या प्रयोगशाळेनं एवढंच केलं, की देणाऱ्याला दार उघडायला शिकवलं. केसाएवढ्या बारीक लोखंडी तारा, त्यांच्यावर तांब्याचे सूक्ष्म ठिपके, आणि ठरावीक वेळानं त्यातून सोडलेला विजेचा अगदी हलका उलटा प्रवाह. त्या प्रवाहानं गंजाच्या थराखाली हायड्रोजनचे बुडबुडे फुटतात आणि थर सुटून पडतो. साप कात टाकतो तसं हे लोखंड कात टाकतं, आणि खाली पुन्हा कोवळं, ताजं लोखंड. खाली पडलेला लाल गाळ वेळोवेळी उपसायचा आणि सीलबंद करून पाठवून द्यायचा. तारा झिजून संपेपर्यंत त्यांचं काम चालू राहतं.

विहिरीशेजारच्या जुन्या हौदात आम्ही ते बसवलं. विहिरीचं पाणी पंपानं हौदात यायचं, तारांच्या गुंडाळ्यांमधून फिरायचं, पुढे वाळूतून गाळून नळाला जायचं. गुंडाळ्या ठेवायला आबांनी टांगत्या चौकटी करून दिल्या. पाण्यात त्या हलायच्या म्हणून बायका त्यांना पाळणे म्हणू लागल्या. आबांनी चौकटी मुद्दाम स्टेनलेस स्टीलच्या केल्या, निदान त्या तरी गंजू नयेत म्हणून. स्टेनलेसला टेकलं की साधं लोखंड उलट जोरात गंजतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला होता, उगाच वाद कशाला.

लोखंड काम करत असलं की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो. तो मोजून मी पंचायतीच्या भिंतीवर एक हिरवा दिवा लावला होता. लोखंड जितकं जोमात, तितका दिवा जलद लुकलुकायचा. लोकांनी त्याला विहिरीची नाडी म्हणायला सुरुवात केली. शेतावर जाताना, एसटीतून उतरताना, पोराला शाळेत सोडताना जो तो आधी दिव्याकडे बघायचा. त्या पावसाळ्यात आमच्या नळाखाली धरलेली पट्टी एकदाही गुलाबी झाली नाही. मी पहिली पांढरी पट्टी बघितली तेव्हा हौदाच्या कठड्यावर बसून ढसाढसा रडले, आणि सरपंच आक्काताई मगदूम माझ्या पाठीवर थापा मारत हसत होत्या.

पाण्याच्या खात्यानं शेवटची परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवली. अधिकारी स्वतः येणार, स्वतःच्या हातानं नमुना घेणार. पट्टी पांढरी राहिली तर विहीर राहील, गाव राहील. गुलाबी झाली तर त्याच आठवड्यात काँक्रीट.

अष्टमीला मला कागदपत्रांसाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागलं. मुक्काम करून नवमीला दुपारी परत निघाले. माझ्या अंगात नुसता उत्साह सळसळत होता. विजेच्या एसटीत शेजारी बसलेल्या एका अनोळखी मावशींना मी आमच्या लोखंडाची सगळी कथा ऐकवली आणि त्यांनी कौतुकानं मला एक पेरू दिला. गावात उतरले, आणि सवयीनं भिंतीकडे बघितलं.

दिवा बंद होता.

मंद नव्हे, बंद. मी पेरू तसाच हातात धरून हौदाकडे पळाले. आधी वाटलं, वायर उंदरानं कुरतडली असेल. वायर शाबूत होती. पंप चालू होता. मी पट्टी काढली, नळाखाली धरली. ती गुलाबी झाली.

मग मी हौदाचं झाकण उचललं. पाळण्यांवर झेंडूच्या माळा होत्या. प्रत्येक चौकटीला हळद-कुंकवाची बोटं ओढलेली होती. आणि आतल्या तारा, ज्या मी गेले तेव्हा वीटकरी लाल होत्या, त्या काळ्याभोर होऊन चमकत होत्या. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला होता. वास मला लहानपणापासून ओळखीचा. तापवलेल्या लोखंडावर जवसाचं तेल फिरवलं की हाच वास येतो. आबा नवीन कोयता गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी असंच करायचे, आणि त्या कोयत्याला वर्षभर गंज शिवायचा नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी अवजारं खाली उतरतात. घासायची, पुसायची, तेल लावायचं, पाटावर मांडून पूजा करायची. त्या दिवशी अवजार कामाला लावायचं नाही, तो त्याच्या विश्रांतीचा दिवस. एरवी मला हा सण फार आवडतो. आबांनी पहाटे हौदाचं कुलूप उघडून सगळे पाळणे बाहेर काढले होते. गुंडाळ्या भट्टीजवळ शेकून कोरड्या केल्या, तेलात बुडवल्या, निथळवल्या आणि पुन्हा जागच्या जागी टांगल्या. किल्ली त्यांच्याचकडे असायची, मीच दिली होती.

मी घरी गेले तेव्हा ते पाटासमोर बसले होते. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, मी दमले आहे. त्यांनीच आधी विषय काढला, आणि अगदी खुशीत.

"पोरी, मोठं साहेब येणार, आन् लोहाराच्या लेकीचं लोखंड असं लालभडक? मला बघवलं न्हाई. चांगलं जवसाचं तेल दिलंय. खायचंच तेल हाय ते, मशीनचं न्हवं. सणापुरतं हाय, चार दिसांनी गंजंल की परत."

मी त्यांना कितीदा समजावलं होतं की हे लोखंड गंजायलाच हवं. त्यांना ते पटलंही होतं, पण त्यांच्या पद्धतीनं. कामाच्या दिवशी कामाचे कपडे, सणाला धुतलेले. लोखंडालाही एक दिवस धुतलेले कपडे द्यावेत, एवढाच त्यांचा हिशेब. करायला गेले गणपती आणि झालं माकड. जवसाचं तेल साधं नसतं, ते वाळून कातडीसारखं घट्ट बसतं. आतलं लोखंड आता एकही इलेक्ट्रॉन बाहेर सोडू शकत नव्हतं.

हे सगळं मला शांतपणे सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला राग आवरला नाही.

"आबा, तुम्ही त्याचा गळा दाबलात," मी म्हणाले. "परवा पट्टी गुलाबी होणार. विहीर जाणार. तुमची भट्टीही जाणार, आणि ती तुम्ही स्वतःच्या हातानं घालवलीत."

त्यांनी पाटावरच्या अवजारांकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. ताठ बसलेला तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर वाकला आणि मला माझे शब्द परत गिळावेसे वाटले. पण शब्दाला उलटा प्रवाह नसतो.

नवीन तारा मागवायच्या तर प्रयोगशाळा दिवाळीआधी देऊ शकणार नव्हती. म्हणजे आहेत त्याच तारांवरून तेल उतरवायचं. कसं, ते मला माहीत होतं. धुण्याच्या सोड्याच्या कडक उकळत्या पाण्यात तेलाचा साबण होतो आणि साबण पाण्याबरोबर निघून जातो. मग एकदा आंबट पाण्यातून काढलं की लोखंडाचे डोळे उघडतात. सोपं आहे, पण काचेच्या चंचुपात्रात. माझ्यापुढे हौदभर लोखंड होतं आणि माझ्याकडे सर्वांत मोठं भांडं म्हणजे आईचा चहाचा टोप.

मी आक्काताईंकडे गेले. त्यांना काही लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता, दिवा सगळ्या गावानं बघितला होता. मी तेलाचं सांगितलं, सोड्याचं सांगितलं. कुणी केलं ते सांगायला माझी जीभ रेटेना, पण त्यांनी ते विचारलंही नाही. त्यांनी पदर खोचला.

"भांडं माझ्याकडं हाय," त्या म्हणाल्या. "काहील."

आक्काताईंचं गुऱ्हाळ गावाच्या कडेला आहे. हंगाम सुरू व्हायचा होता, पण काहील घासून चुलाणावर चढवलेली होती. उसाचा रस आटवून गूळ करायची ती कढई, जिच्यात चार माणसं मांडी घालून बसतील. मी आनंदानं त्यांना मिठी मारणार, तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी आठवण करून दिली, की आज खंडेनवमी, काहीलसुद्धा पूजेत आहे, आज ती पेटवायची नाही. कुणाच्या मनात नव्हतं असं नाही, पण पूजेतलं अवजार उचलणारा पहिला हात कुणाचा, हा प्रश्न होता.

तेवढ्यात आबा आले. त्यांच्या हातात त्यांची लांब सांडशी होती, आजोबांच्या वेळची. तिच्यावर कुंकू होतं, दांड्याला झेंडूचं फूल बांधलेलं होतं. ती त्यांनी पूजेच्या पाटावरून उचलून आणली होती. मी जन्मात त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी काहिलीला हात जोडले, वाकून चुलाणात पहिलं चिपाड सरकवलं आणि पेटवलं.

"आज ह्यांनी इसावा घेतला तर उद्या आपल्याला गाव सोडून इसावा घ्यावा लागंल," ते म्हणाले. "देव मला बोल लावू दे, बाकी कुणाला न्हाई."

मग जे झालं ते आठवलं तरी अजून माझ्या अंगावर काटा येतो. किराणा दुकानातला सगळा सोडा आला. घराघरांतून चिंचेचे गोळे आले, मातीच्या बरण्यांतून, मीठ लावून ठेवलेले. चिपाडांनी चुलाण फुलवलं. काहील रटरटू लागली, आणि गुळाच्या जागी त्यात लोखंड शिजू लागलं. पहिली गुंडाळी आबांनी सांडशीनं आत सोडली तेव्हा पाणी तपकिरी झालं, वर फेसाचा ढग आला. गुळाची मळी काढायला जे मोठे झारे असतात त्यांनी आक्काताईंची माणसं साबणाचा फेस काढून बाहेर टाकत होती. मी या टोकाला, आबा त्या टोकाला. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, फक्त त्यांची सांडशी आणि माझ्या हातातला लोखंडी आकडा यांची गाठ पडत होती. तिकडे बायका चिंचेच्या कोळात गुंडाळ्या बुचकळत होत्या, तांब्याचे हंडे घासतात तशाच सराईतपणे. अंधार पडायच्या आत सगळे पाळणे हौदात परतले होते. तारा करड्या, ओल्या, उघड्या दिसत होत्या. तवंग घालवायला हौदाचं पाणी दोनदा बदललं, वाळूही धुतली.

दसऱ्याची सकाळ उजाडली, तरी दिवा बंद.

मी काळजीत होते, पण घाबरले नव्हते. उघड्या पडलेल्या लोखंडाला जागं व्हायला वेळ लागतो. आबा मात्र पहाटेपासून हौदाच्या कठड्यावर बसून होते. चहा तिथेच, भाकरी तिथेच. दुपारी सगळं गाव सीमोल्लंघनाला वेशीकडे निघालं, मीही गेले. आपट्याची पानं एकमेकांच्या हातात देताना प्रत्येक जण आधी भिंतीकडे बघत होता. सोनं घ्या, सोनं द्या, आणि डोळे सगळ्यांचे त्या काळ्या काचेवर. इतकं मुकं सीमोल्लंघन आमच्या गावानं कधी केलं नसेल.

आधी दिवा नाही, आबांचा आवाज आला.

"शरू, आला गं! गंज आला!"

मी धावत सुटले. माझ्यामागे अख्खं गाव. आबा गुडघ्यांवर बसून हौदात वाकले होते आणि पाण्याखालच्या एका तारेकडे बोट दाखवत होते. तारेवर अगदी फिकट नारिंगी ठिपका होता, सुईच्या टोकाएवढा. ज्या माणसानं आयुष्यभर असल्या ठिपक्यांशी वैर केलं, तो माणूस त्या ठिपक्याकडे नातवाचा पहिला दात बघावा तसा बघत होता. त्या तारेतून एक बुडबुडा सुटला, वर आला आणि फुटला. मग दुसरा. आणि मागून पोरांचा गलका झाला. भिंतीवरचा दिवा एकदा लुकलुकला होता. पुष्कळ वेळ थांबून आणखी एकदा. संध्याकाळी आरतीच्या वेळेपर्यंत त्याचा ठेका नेहमीसारखा झाला होता.

एक अडचण उरली. दिव्याची नोंद थेट खात्याकडे जायची. नवमी ते दसरा नाडी बंद होती, हे तिथे दिसणारच होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, वायर कुरतडली गेली होती. साधं, पटण्यासारखं. आबांचं नाव सरकारी कागदावर गावबुडव्या म्हणून लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. नवमीला त्यांना तोडून बोलले होते, त्याची भरपाई म्हणा हवं तर.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या अधिकारी देवयानी नाडकर्णी वेळेवर आल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या बाई. त्यांनी हौद बघितला, तारा बघितल्या आणि मनगटावरच्या पडद्याकडे बघत विचारलं, की मध्ये नाडी का थांबली होती. मी तोंड उघडलं.

"मी थांबवली," आबा म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. तेल, भट्टी, खंडेनवमी. काही झाकलं नाही, काही सजवलं नाही. शेवटी म्हणाले, की लेकीचा यात दोष नाही, तिनं बजावलं होतं, मलाच माझं लोखंड जास्त कळतं असं वाटलं. आबांना 'चुकलो' म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की वायरची गोष्ट घशातच राहिली.

नाडकर्णी बाईंनी चष्मा काढला. "मग दुरुस्त कुणी केलं?"

यावर कुणी एकानं उत्तर दिलं नाही. आक्काताईंनी काहिलीकडे हात केला, कुणी चिंचेचं सांगितलं, दुकानदार सोड्याचं सांगू लागला. बाई सगळ्यांचं ऐकत वाकल्या आणि नळ सोडून नमुन्याची बाटली भरली. पट्टी बुडवली. मी शास्त्रज्ञ असूनही डोळे मिटून घेतले होते. कुणाचाच आवाज येईना, तेव्हा उघडले. पट्टी पांढरी होती.

"मी अशी पुष्कळ यंत्रं बघितली आहेत," बाई म्हणाल्या. "उद्घाटनाला सगळी चालतात. पट्टी बघायला मी आलेच नव्हते, नाडीचे आकडे मला रोज दिसत होते. मला एकच विचारायचं होतं. ही मुलगी पुण्याला परत गेली आणि हे बंद पडलं, तर तुम्ही काय कराल? पण ते तर तुम्ही करूनच बसला आहात."

त्यांनी तिथेच, हौदाच्या कठड्याला टेकून, मनगटावरच्या पडद्यावर बोटानं सही केली. विहीर राहिली. इमारतींच्या किल्ल्या ज्यांना नको असतील त्यांनी परत कराव्यात असं त्या म्हणाल्या, तेव्हा आबांनी सहाव्या मजल्याची किल्ली खिशातून काढून अशी पुढे केली, जणू ती त्यांना टोचत होती. एक अट बाईंनी घातली. हौदाची देखभाल करणारा गावचाच एक माणूस हवा, त्याचं नाव लिहून द्या. सगळ्यांनी आबांकडे बघितलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, की पुढच्या खंडेनवमीला तेलाचं काय. आबा म्हणाले, की त्या दिवशी हौदाला फक्त फूल आणि पाणी, आणि तेलाची बाटली घेऊन जो कुणी इकडे फिरकेल त्याची गाठ माझ्याशी आहे.

माणसं पांगली. पुढच्याच महिन्यातल्या एका लग्नासाठी नवरीच्या आईला गुलाबी शालू बघायचा होता, ती आक्काताईंना बरोबर घेऊन तालुक्याला निघाली. हौदाशी आम्ही दोघंच उरलो. मला माफी मागायची होती, पण आमच्या घरात ती कशी मागतात हे मला माहीत नव्हतं. आबांनाही नव्हतं.

त्यांनी हौदात हात घातला आणि जुन्या सवयीनं तारेवरून बोट फिरवलं. बोट बाहेर काढून उन्हात धरलं. ते लालबुंद झालं होतं. मी आपोआप नाक पुढे केलं. आबा हसले, आणि त्यांनी ते बोट माझ्या नाकाला नव्हे, कपाळाला लावलं.

"आज घासू नगंस," ते म्हणाले.